नवीन फीचर कसं ठरतं आणि कसं बनतं: आमच्या ऑनलाइन पटाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही तिघं छत्रपती संभाजीनगरात बसून रोल-प्लेइंग खेळांसाठी ऑनलाइन पट बनवतो. आमचे बहुतेक खेळाडू परभणी, लातूर, नांदेड, बीड, धाराशिवकडचे. काही शिकायला किंवा नोकरीला पुण्याला गेलेले, पण खेळायला अजूनही गावच्याच मित्रांबरोबर बसणारे. "अमुक कधी येणार?", "तमुक का नाही केलं?" हे त्यांचे प्रश्न रोज येतात. जे पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. काही उत्तरं बरीच लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

हा खेळ मला नवीन आहे. थोडक्यात काय असतो?

चार-पाच जण एकत्र बसतात. त्यातला एक सूत्रधार. तो प्रसंग उभा करतो: "तुम्ही किल्ल्याच्या दारात आहात, मशाल विझत आलीय, आतून साखळीचा आवाज येतोय. काय करणार?" बाकीचे एकेक पात्र घेऊन उत्तर देतात. जिथे यश-अपयशाचा प्रश्न येतो तिथे फासे पडतात आणि पडलेल्या दानावरून गोष्ट पुढे सरकते. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आणला, तिथून ही परंपरा सुरू झाली. ऑनलाइन पट म्हणजे त्याच खेळाचं टेबल स्क्रीनवर: नकाशा, सोंगट्या, फासे, पात्रांच्या नोंदी. पहिल्या आवृत्तीत आम्ही 'टोकन' लिहिलं होतं. लातूरच्या एका खेळाडूने विचारलं, "सोंगटी का नाही म्हणत?" ज्यांच्या घरात सारीपाट खेळला गेला त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. तेव्हापासून सोंगटीच.

रोल२०, फाउंड्री असताना वेगळं ॲप कशाला?

ऑनलाइन पटाची ती तयार साधनं उत्तम आहेत आणि आम्ही त्यांच्याकडून खूप शिकलो. फँटसी ग्राउंड्स २००४ पासून आहे, रोल२० २०१२ मध्ये आलं, फाउंड्री २०२० मध्ये. पण त्यांचा संपूर्ण आनंद लॅपटॉप आणि मोठ्या पडद्यावर मिळतो. फाउंड्रीत तर सूत्रधार स्वतःच्या मशीनवर सर्व्हर चालवतो आणि बाकीचे ब्राउझरमधून जोडले जातात. आमच्याकडे पाच जणांत मिळून एक लॅपटॉप असतो, तोही बहुतेक वेळा कुणाच्या तरी ताईचा, परीक्षा नसेल तेव्हा मिळणारा. बाकी सगळे फोन. आणि खेळ मराठीत. या दोन गोष्टी धरून सुरुवातीपासून बांधायचं, एवढ्यासाठी हे वेगळं ॲप.

कोणतं फीचर आधी करायचं, हे कोण ठरवतं? मतदान का घेत नाही?

मागण्यांची यादी आम्ही ठेवतो, पण मतं मोजून काम ठरवत नाही. मतदानात देखणं फीचर नेहमी जिंकतं. आम्ही खेळ बघायला बसतो. टेबलाची परवानगी घेऊन, आमचा माइक बंद ठेवून, वही घेऊन. आणि एकच गोष्ट लिहितो: बोलणं कुठे तुटलं.

या खेळात जे घडतं ते बोलण्यात घडतं. सूत्रधार रंगात आलेला असतो, चौघे कान देऊन ऐकत असतात, आणि अचानक कुणीतरी म्हणतं, "थांब थांब, मला सोंगटी सापडेना." तिथे धागा तुटला. तो पुन्हा जुळवायला सूत्रधाराला पाच मिनिटं लागतात, कधी जुळतच नाही. म्हणून यादीत सर्वांत वर असतं ते फीचर, ज्याने अशी तुटण्याची जागा बुजेल. ज्या फीचरमुळे लोक बोलायचं सोडून स्क्रीनकडे बघत बसतील ते कितीही सुंदर असलं तरी मागे राहतं.

हे आम्हाला फाशांनी शिकवलं. सुरुवातीला आमचे फासे त्रिमितीत गडगडत यायचे आणि थांबायला चार सेकंद घ्यायचे. पहिल्या दिवशी सगळे खूश. परभणीच्या एका टेबलावर लढाई लागली, एकामागून एक दानं पडायला लागली, आणि प्रत्येक दानाला चार सेकंदांची शांतता. अर्ध्या तासात लोक आपापल्या फोनमध्ये दुसरं काहीतरी बघू लागले. आता दान लगेच दिसतं. गडगडणारे फासे हवे असतील तर सेटिंगमध्ये आहेत.

फासे खरे पडतात का? मला सलग तीनदा १ आला!

वीस बाजूंच्या फाशावर सलग तीनदा १ येण्याची शक्यता ८,००० त एक. एका खेळाडूला ती गोष्ट अशक्य वाटते. पण रोज कित्येक टेबलांवर हजारो दानं पडत असतात तेव्हा कुणाच्या तरी वाट्याला ती येणारच, आणि ज्याच्या वाट्याला येते तो आम्हाला लिहितो. राग समजू शकतो. तरी प्रत्येक वेळी आम्ही त्या खेळाची नोंद उघडून तपासतो.

फासे निष्पक्ष ठेवणं वाटतं तितकं सरळ नाही. संगणकाकडून एक यादृच्छिक बाइट मागितला की ० ते २५५ पैकी काहीही येतं, म्हणजे २५६ शक्यता. त्याला २० ने भागून बाकी घ्यायची आणि त्यात १ मिळवायचा, असं पहिल्यांदा कुणालाही सुचतं. पण २५६ म्हणजे बारा विसा २४० आणि वर १६. त्यामुळे १ ते १६ हे आकडे प्रत्येकी १३ वाटांनी येतात आणि १७, १८, १९, २० फक्त १२ वाटांनी. म्हणजे नेमकी मोठी दानं थोडी कमी पडतात. आमच्या पहिल्या कच्च्या आवृत्तीत ही चूक होती. उपाय साधा आहे: २४० किंवा त्याहून मोठा आकडा आला तर तो टाकून द्यायचा आणि नवीन मागवायचा.

दुसरी गोष्ट, दान फोनवर पडत नाही, सर्व्हरवर, म्हणजे आमच्या मध्यवर्ती संगणकावर पडतं. फोनवर पडलं असतं तर थोडं कोड येणाऱ्याला हवं ते दान पाडता आलं असतं. तिसरी, दर नव्या आवृत्तीआधी आम्ही २,००० दानं पाडून काय-वर्ग चाचणी घेतो, म्हणजे अपेक्षेपेक्षा आकडे किती कमी-जास्त आले ते मोजतो. प्रत्येक आकडा सुमारे १०० वेळा यायला हवा. प्रत्येक आकड्याच्या फरकाचा वर्ग करून १०० ने भागायचा, आणि त्या सगळ्यांची बेरीज ३०.१४ च्या वर गेली की थांबून शोध घ्यायचा. खरा फासासुद्धा विसात एकदा ही मर्यादा ओलांडतो, म्हणून एका निकालावर घाबरून जात नाही, चाचणी पुन्हा घेतो.

'दोन टाकून मोठा घ्या' या नियमात आता आम्ही दोन्ही फासे दाखवतो. आधी फक्त मोठा दाखवायचो आणि लोकांना वाटायचं की फायदा मिळालाच नाही. त्या नियमाने २० येण्याची शक्यता ५ टक्क्यांवरून ९.७५ टक्क्यांवर जाते. पडलेला लहान फासा डोळ्यांसमोर असला की हा फायदा जाणवतो.

खेळता खेळता लाइट गेली, नेट गेलं, तर काय होतं?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत जवळचा, कारण आमचंही तेच होतं. लाइट गेली की राऊटर बंद. सगळे मोबाइल डेटावर येतात. गावाकडे थोड्या वेळाने टॉवरची बॅटरीही संपते. म्हणून 'नेट असेलच' असं धरून आम्ही एकही फीचर बांधत नाही.

आतलं काम असं चालतं. टेबलावर जे जे घडतं त्याची सर्व्हरवर क्रमांकासह नोंद होते: ४११ वी नोंद सोंगटी हलली, ४१२ वी दान पडलं. तुमचा फोन तुटून परत आला की एवढंच सांगतो, "माझ्याकडे ४१२ पर्यंत आहे." सर्व्हर पुढच्या तेवढ्याच नोंदी पाठवतो. अख्खा नकाशा पुन्हा उतरवावा लागत नाही.

नेट नसताना तुम्ही केलेले बदल फोनमध्ये रांगेत थांबतात. इथे एक बारकावा आहे, त्यावर आमचे दोन महिने गेले. समजा राक्षसाचे प्राण ३० आहेत. नेट नसताना तुम्ही ७ कमी केले आणि तिकडे दुसऱ्याने ५ कमी केले. तुमच्या फोनने "आता २३" आणि त्याच्या फोनने "आता २५" असं कळवलं तर जो नंतर पोचेल त्याचाच आकडा टिकतो आणि एक वार वाया जातो. म्हणून फोन उरलेला आकडा पाठवत नाही. तो "७ वजा" एवढंच पाठवतो. दोन्ही पोचले की १८ उरतात, क्रम कोणताही असो. प्रत्येक निरोपाला स्वतःची खूण असते, त्यामुळे तोच निरोप चुकून दोनदा पोचला तरी वजाबाकी एकदाच होते. सोंगटीच्या जागेला मात्र असं करता येत नाही, तिथे शेवटी आलेली जागा खरी धरतो.

लाइट परत आली की गल्लीतले सगळे राऊटर एकदम जागे होतात आणि सगळे फोन एकाच क्षणी सर्व्हरचं दार ठोठावतात. त्यामुळे फोन आधी एक सेकंद थांबतो, मग दोन, चार, आठ, असं वाढत जातो, आणि प्रत्येक थांबण्यात थोडी यादृच्छिक भर असते. म्हणजे गर्दी आपोआप पांगते.

आणि सूत्रधाराचंच नेट गेलं तर? पूर्वी खेळ गोठायचा. आता टेबल चालू राहतं, फक्त लपवलेल्या गोष्टी कुणालाही उघडता येत नाहीत. तेवढ्या वेळात खेळाडू आपसात मसलत करतात. कित्येक टेबलांवर सूत्रधार परत येतो तेव्हा बेत शिजलेला असतो.

मोठा नकाशा टाकला की फोन अडखळतो. फाइल तर फक्त ३ एमबीची आहे.

फाइल दाबून भरलेली असते. दाखवायच्या वेळी ती पूर्ण उलगडावी लागते. ४०९६ बाय ४०९६ ठिपक्यांचं चित्र, प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट, म्हणजे ६४ एमबी मेमरी. दोन-तीन जीबी रॅमच्या फोनमध्ये व्हॉट्सॲप आणि कॉल चालू असताना हे ओझं जड होतं. आता आम्ही नकाशाचे ५१२ बाय ५१२ चे तुकडे करतो, प्रत्येकी १ एमबी, आणि पडद्यावर दिसतात तेवढेच उलगडतो. झूम कमी केलं की लहान आकाराची प्रत वापरतो. सूत्रधारांना एक विनंती: छपाईसाठी बनवलेला नकाशा तसाच टाकू नका. पटावरच्या एका घराच्या बाजूला ७० ते १०० ठिपके पुरतात.

अंधार-उजेडाचं फीचर इतकं उशिरा का आलं?

कारण ते आम्हाला देवगिरीसाठी हवं होतं आणि अर्धवट करायचं नव्हतं.

देवगिरीचा किल्ला ज्यांनी चढला आहे त्यांना अंधारी माहीत आहे. खंदक ओलांडला की कातळात कोरलेला, वळणं घेत वर जाणारा काळाकुट्ट मार्ग. भर दुपारी हाताला हात दिसत नाही. शत्रू आत शिरला तर वरच्या तोंडाशी आग पेटवून धूर आत सोडायची सोय. खेळासाठी याहून चांगली जागा मुद्दाम रचूनही सापडणार नाही, आणि ती आपल्या घरापासून तासाभरावर आहे. आमचा चाचणीचा नकाशा त्याच मार्गावरून सुचलेला. हुबेहूब नाही, पण वळणं तशीच फसवी.

दिसण्याचं गणित असं: सोंगटीपासून प्रत्येक भिंतीच्या दोन्ही टोकांकडे एकेक किरण सोडायचा, आणि टोकाच्या किंचित इकडून-तिकडून आणखी दोन, म्हणजे कोपऱ्यापलीकडचं नेमकं कळतं. किरण जिथे अडतात ते बिंदू कोनाच्या क्रमाने जोडले की दिसणारा भाग तयार. २०० भिंती असतील तर ४०० टोकं, १,२०० किरण, आणि प्रत्येक किरण २०० भिंतींशी ताडायचा म्हणजे २,४०,००० तपासण्या. हे सोंगटी हलेल तसं दरवेळी. लॅपटॉपला हे सहज जमतं, स्वस्त फोनला घाम फुटतो. मग लक्षात आलं की खेळाच्या नियमांत मशालीचा उजेड २० फूट स्वच्छ आणि पुढे २० फूट अंधुक. म्हणजे ४० फुटांपलीकडच्या भिंती तपासायचीच गरज नाही. अंधारीसारख्या जागेत २०० पैकी जेमतेम दहा-पंधरा भिंती उरतात.

त्याहून महत्त्वाचं, लपलेली गोष्ट खेळाडूच्या फोनवर पाठवायचीच नाही. ती फोनवर पाठवून वर काळा पडदा टाकणं सोपं असतं, पण पडदा काढणारे निघतातच. गुप्त दार, दबा धरून बसलेला पहारेकरी, हे सर्व्हरवरच थांबतात आणि उजेड पोचला की निघतात. यामुळे क्षणभर उशीर होतो. तो आम्ही पत्करला, कारण दार उघडल्यावर सगळ्यांनी एकदम श्वास रोखणं ही या खेळातली सर्वांत मौल्यवान गोष्ट आहे, आणि एकाला जरी आधी माहीत असेल तर ती जाते.

एकाच नकाशात वरचा आणि खालचा मजला दाखवता येतो का?

येतो. नळदुर्गच्या एका सूत्रधाराने मागितलं म्हणून केलं. तिथे बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. वरून पाणी कोसळतंय आणि आत माणसं उभी आहेत, हा प्रसंग एका पातळीत मांडता येत नव्हता. आता प्रत्येक सोंगटीला मजला असतो आणि जिन्यावर आली की ती आपोआप बदलते. आवाज एका मजल्यावरून दुसऱ्यावर पोचण्याचा नियम अजून आम्हाला नीट जमलेला नाही.

ॲप मराठीत आहे म्हणजे बटणांची भाषांतरं केलीत, एवढंच ना?

बटणं आठवड्यात झाली. खरं काम त्यानंतर सुरू झालं आणि अजून चालू आहे.

पहिली अडचण खेळाच्या नोंदींची. 'अमुक भिंतीवर चढला' असं वाक्य ॲपने लिहायचं, तर पात्र पुरुष की स्त्री हे कळायला हवं: चढला, चढली, चढलं. खेळाडूला ते विचारणं आम्हाला नको होतं. मग शाळेच्या व्याकरणातले प्रयोग आठवले. 'उडी मारली' यात क्रियापद उडीप्रमाणे चालतं, मारणारा कुणीही असो. 'वार केला', 'दार उघडलं', 'मसलत केली', सगळ्यांत तेच. आम्ही शक्य तितक्या नोंदी अशा कर्मणी वळणाने लिहिल्या. पण मग 'ने' आडवा आला. घोडा म्हटलं की घोड्याने, राक्षस म्हटलं की राक्षसाने, भाऊ म्हटलं की भावाने. नावाला नुसता 'ने' चिकटवला तर 'घोडाने' होतं, आणि ते वाचून कुणीही मराठी माणूस अडखळेल. शेवटी नाव सुटं ठेवलं, पुढे अपूर्णविराम: 'राक्षस: वार केला, ७ घाव.' ना लिंगाचा प्रश्न, ना सामान्यरूपाचा. नाटकाच्या संहितेत पात्राचं नाव लिहितात तसंच दिसतं.

दुसरी अडचण अक्षरांची. सोंगटीखाली नाव मावेना म्हणून आम्ही ते चार चिन्हांवर कापत होतो. 'विठ्ठल' डोळ्यांना तीन अक्षरं, पण युनिकोडमध्ये सहा चिन्हं: व, वेलांटी, ठ, हलन्त, ठ, ल. चौथ्यावर कापलं की 'विठ्' उरतो, पाय मोडलेला. आता पूर्ण अक्षर जिथे संपतं तिथेच कापतो.

तिसरी, नकाशावरची नावं. एका सूत्रधाराने 'दऱ्या' लिहिलं आणि पटावर 'दर्या' उमटलं. डोंगराच्या मधोमध समुद्र! ऱ्य आणि र्य यांतला फरक मराठीला लागतो आणि आम्ही घेतलेला एक फॉन्ट तो पाळत नव्हता. फॉन्ट बदलला, शिवाय प्रत्येक मजकुरावर भाषा मराठी असल्याची खूण लावली, म्हणजे ल आणि श सुद्धा ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे आहेत तिथे तसेच येतात.

अनुक्रम हीदेखील अशीच गोष्ट. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे बसतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर, आणि मग क्ष, ज्ञ. पात्रांची यादी आपल्या क्रमाने लागायला हवी, तशी आता लागते. आकड्यांचंही तेच. फाशाच्या सूत्रात '२डी६+३' (सहा बाजूंचे दोन फासे, अधिक ३) देवनागरी आकड्यांत लिहिलं की जुना कोड ते आकडे ओळखायचाच नाही, कारण जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या शोधसूत्रात 'कोणताही अंक' म्हणजे फक्त इंग्रजी अंक. आता दोन्ही चालतात, मिसळून लिहिले तरी चालतात.

बोलीबद्दल विचारणा होते. 'काय करायलास?' असं बटण ठेवा, अशी लातूरकरांची मागणी होती. आम्ही काही टेबलांवर ते करून पाहिलं. गंमत वाटली, पण नांदेडच्या टेबलाला ते आपलं वाटेना. त्यामुळे बटणांवर प्रमाण मराठी ठेवली आहे. बोली सूत्रधाराच्या आणि खेळाडूंच्या तोंडी असते, आणि तिथे ती फार सुंदर वाटते.

उर्दूत लिहिता येतं का?

येतं. संभाजीनगरच्या टेबलांवर मराठी आणि दखनी एका वाक्यात येतात, तर लिहिताना का नको? उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या ओळीत फाशाचं सूत्र आलं की त्यातली चिन्हं इकडची तिकडे व्हायची. आता सूत्र वेगळं बांधून ठेवतो, त्यामुळे ते उलटत नाही.

चौकोनी घरं की षटकोनी?

दोन्ही आहेत. ५ फुटांच्या चौकोनात तिरकं जाणं म्हणजे सुमारे ७ फूट, पण बरेच नियम ते ५ च धरतात. तीन तिरकी घरं गेलात तर त्या हिशोबाने १५ फूट, एकाआड एक ५ आणि १० धरलं तर २०, आणि खरं अंतर २१ च्या थोडं वर. टेबलाने काय पाळायचं ते सेटिंगमध्ये ठरवा. षटकोनात हा घोळच नाही, सगळे शेजारी सारख्या अंतरावर. खोल्या आणि गल्ल्यांसाठी चौकोन, रानावनातल्या प्रवासासाठी षटकोन, असं आम्ही सुचवतो. प्रवासाचं अंतर कोसात दाखवायचं असेल तर एकक बदलता येतं.

ॲपमध्येच कॉलची सोय का नाही?

करून पाहिली. पाच जण थेट एकमेकांना जोडले तर १० जोडण्या होतात आणि प्रत्येक फोन आपला आवाज चार वेळा पाठवतो. आवाजाचा दर ३२ केबीपीएस धरला तर येणं-जाणं मिळून तासाला सुमारे ११५ एमबी, तीन तासांच्या खेळाला साडेतीनशेच्या आसपास. शिवाय मोबाइल नेटवर्कवर थेट जोडणी बऱ्याचदा होतच नाही, मध्ये आपला सर्व्हर ठेवून आवाज फिरवावा लागतो, आणि तो खर्च आम्हाला आज पेलत नाही. लोक आधीच कॉलवर असतात. तो कॉल चालू असताना आमचं ॲप कमीत कमी डेटा खाईल, याकडे आम्ही लक्ष देतो. सोंगटी ओढताना तिची जागा सेकंदाला १० वेळाच पाठवतो, मधलं सरकणं बघणाऱ्याचा फोन स्वतः भरून काढतो.

नियम मराठीत ॲपमध्ये दिलेत, हे कायदेशीर आहे का?

हो. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच, सिस्टीम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१, जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन ४.० परवान्याखाली खुला झाला. श्रेय देऊन त्याचं भाषांतर करता येतं, व्यवसायासाठीही. ॲपच्या 'माहिती' पानावर ते श्रेय दिलं आहे. पण विकत मिळणाऱ्या पुस्तकांतला मजकूर, चित्रं, नकाशे या परवान्यात येत नाहीत. "पीडीएफ आहे माझ्याकडे, टाकून द्या" असं सांगणारे निरोप येतात, आम्ही नाही म्हणतो. लिहिणाऱ्या-काढणाऱ्यांच्या कष्टाचा तो प्रश्न आहे. त्यापेक्षा इथल्या जागांवर तुमची स्वतःची साहसं लिहा. मलिक अंबरच्या काळातली जमिनीखालून शहरात पाणी आणणारी नहर, कंधारचा किल्ला, वेरूळची ३४ लेणी, हे सगळं आपल्या उंबऱ्याशी आहे.

फाशांवर पैसे लावायची सोय करा ना.

नाही. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी आहे. कायदा नसता तरी आम्ही ही सोय दिली नसती.

एआय सूत्रधार कधी आणणार?

आणणार नाही. नावं सुचवणं, बाजारातल्या दुकानदाराची यादी काढणं अशा किरकोळ कामाला यंत्र वापरायला आमची हरकत नाही. पण सूत्रधार टेबलावरच्या माणसांकडे बघून गोष्ट वळवतो. कोण गप्प आहे, कुणाला आज बोलायचंय, कुणाच्या घरी काय चाललंय, हे त्याला माहीत असतं. नवा सूत्रधार घाबरतो, त्याला पहिल्या खेळासाठी आधार मिळावा म्हणून आम्ही तयार प्रसंग आणि टिपणं देतो. आमचा वेळ तिथे जातो.

माझ्या मित्राला दिसत नाही. तो खेळू शकेल का?

खेळू शकतो, आणि हे फीचर आम्ही पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं. मूळ खेळ तोंडीच आहे, तर ॲपने त्यात आडकाठी आणायची हे बरोबर नव्हतं. आता टॉकबॅक (अँड्रॉइड फोनचा पडदा वाचून दाखवणारी सोय) चालू असेल तर प्रत्येक दान पडताच वाचलं जातं. 'पट ऐका' दाबलं की आपल्या सोंगटीपासून दिशा आणि अंतर सांगत आजूबाजूचं वर्णन येतं: "उत्तरेला तीन घरांवर राक्षस. पूर्वेला बंद दार." अर्थात, त्या सोंगटीला दिसतं तेवढंच. बाजू ओळखायला रंगाबरोबर आकारही वेगळे ठेवले आहेत, लाल-हिरव्यात फरक न करता येणाऱ्यांसाठी.

अपडेट आलं की माझी दोन वर्षांची मोहीम बिघडेल का?

या भीतीची आम्हाला तुमच्याइतकीच जाणीव आहे. एकदा बिघडली होती. एका खेळाडूच्या फोनवर जुनं ॲप होतं. त्याने पात्राची नोंद जतन केली आणि जुन्या ॲपला न समजलेले नवे रकाने पुसले गेले. त्या टेबलाने मेहनतीने मिळवलेल्या वस्तू गेल्या. प्रती होत्या म्हणून परत आणता आल्या, पण सूत्रधाराने केलेला तो फोन आम्ही विसरलो नाही. आता ॲपला जो भाग कळत नाही तो ते जसाच्या तसा परत ठेवतं. नवीन फीचर आधी मागणाऱ्या टेबलालाच उघडतो, मग हळूहळू बाकीच्यांना. चालू खेळात काहीच बदलत नाही, बदल पुढच्या बैठकीला लागतो. आणि शनिवार-रविवारी आम्ही काहीही नवीन सोडत नाही, कारण बहुतेक टेबलं तेव्हाच बसतात.

माझी मुलं खेळतात. त्यांच्या माहितीचं काय?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूल धरलं आहे आणि त्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती घ्यावी, अशी तरतूद आहे. आम्ही मुळातच कमी विचारतो: टोपणनाव आणि टेबलाचा संकेतक्रमांक. अनोळखी माणसाने मुलांच्या टेबलावर येऊ नये म्हणून सूत्रधाराने दार उघडल्याशिवाय कुणी आत येत नाही.

मला कोड येत नाही, पण हातभार लावायचा आहे.

कोड न येणाऱ्यांची मदत आम्हाला जास्त लागते. मराठी शब्द सुचवा: 'इनिशिएटिव्ह'ला आम्ही 'पाळी' म्हणतो, पण त्यात कुणी आधी वार करायचा ही चुरस येत नाही, याहून चांगला शब्द हवा आहे. आम्हाला तुमच्या टेबलावर एक संध्याकाळ बसू द्या. आणि बग कळवताना 'चालत नाही' एवढंच लिहू नका. कोणता फोन, किती जण खेळत होते, नेमकं कोण काय करत होतं, नकाशा किती मोठा होता, नेट वायफायचं होतं की मोबाइलचं, आणि त्या वेळी लाइट होती की नव्हती, एवढं लिहा.